वस्त्र-डिझाइन शिकायचंय? फीच्या तक्त्याआधी माग बघा

चौकशीला गेलात की समोरून फीचा तक्ता येतो. तो घ्या, घडी करून पिशवीत ठेवा आणि विचारा, ‘माग आणि रंगखोली बघता येईल का?’ फॅशन डिझाइनसाठी कापड कसं घडतं आणि रंग कसे वागतात हे शिकायचं असेल, तर तुमचे पैसे या दोन खोल्यांसाठीच जाणार आहेत. मागावर ताणा (उभे धागे) चढवलेला आहे का, की माग शोभेला कोपऱ्यात उभा आहे? रंगखोलीत नळ, शेगडी, बारीक वजनकाटा आहे का, की जुन्या खुर्च्या रचून ठेवल्यात? वीस मुलांमागे माग किती? तास संपल्यावर खोली उघडी असते की कुलूप लागतं? ही चार उत्तरं मिळाली की मग फीचा तक्ता उघडा. खोली दाखवायलाच टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा.

नावात फसू नका

एकाच खिडकीवर तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. फॅशन डिझाइन म्हणजे कपडा: बेतणं, ड्रेपिंग, शिवण, शेवटी स्वतःचा संग्रह. टेक्स्टाइल डिझाइन म्हणजे कापड: वीण, छपाई, रंगाई, भरतकाम, नक्षीची मांडणी. टेक्स्टाइल टेक्नॉलॉजी किंवा इंजिनिअरिंग म्हणजे गिरणी: सूत, यंत्र, रसायन, चाचण्या. फॅशन डिझाइनच्या कोर्समध्ये कापड आणि रंग हे बहुतेकदा सुरुवातीच्या वर्षांतले दोन-चार विषय असतात, पुढे सगळा वेळ कपड्याला जातो. तुमचं मन कापडात असेल तर टेक्स्टाइल डिझाइन घ्या. कापड कळलेल्या माणसाला शिवण नंतर शिकता येते. उलट दिशेने जाणारे फार थोडे मी पाहिलेत.

अभ्यासक्रमाची प्रत मागा आणि तास मोजा. ‘टेक्स्टाइल’ या शब्दापुढे प्रात्यक्षिकाचे तास लिहिलेले नसतील, तर तिथे कापडाचे तुकडे वहीत चिकटवून त्यांची नावं पाठ करून घेतात असं समजा.

कुठे, कधी, अंदाजे किती

निफ्ट ही केंद्र सरकारची संस्था १९८६ सालची. मुंबईचं केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. टेक्स्टाइल डिझाइनची चार वर्षांची पदवी, बारावी कोणत्याही शाखेची चालते, वय २४ च्या आत हवं. अर्ज हिवाळ्यात निघतात, लेखी परीक्षा साधारण फेब्रुवारीत, त्यानंतर हाताने वस्तू करून दाखवायची चाचणी. चार वर्षांची फी दहा लाखांच्या पुढे जाते. वसतिगृह, जेवण आणि साहित्य वेगळं. उत्पन्नानुसार फीमध्ये सवलत देण्याची संस्थेची स्वतःची योजना आहे. प्रवेश मिळाल्याच्या आठवड्यातच तिची चौकशी करा.

अहमदाबादची एनआयडी १९६१ सालची. टेक्स्टाइल डिझाइनसाठी तिचं नाव मोठं आहे, जागा मोजक्या, परीक्षा दोन टप्प्यांची. वयाची अट निफ्टपेक्षा कडक असते. बारावीनंतर एखादं वर्ष गेलं असेल तर अर्जाचे पैसे भरण्याआधी जन्मतारीख अटीशी ताडून पाहा.

मुंबईचं सर ज. जी. (जे.जे.) कला महाविद्यालय १८५७ पासूनचं. तिथे ललित कलेच्या पदवीत टेक्स्टाइल डिझाइन हा विभाग आहे. २०२३ मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे एखाद्या माजी विद्यार्थ्याने सांगितलेली फी धरून बसू नका. यंदाची फी आणि प्रवेशाची पद्धत संस्थेच्या सूचनापत्रावरूनच घ्या. राज्यातल्या इतर कला महाविद्यालयांसाठी सीईटी कक्षाची कला शाखेची प्रवेश परीक्षा असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान, एवढाच तिचा आवाका. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या मुलाला यात काही परकं वाटत नाही.

मोठ्या नावांच्या मागे न लागता चांगलं शिकायचं असेल, तर गृहविज्ञान महाविद्यालयं जरूर बघा. न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन आणि मुलींसाठी एसएनडीटीचं जुहू संकुल इथे वस्त्र विषय प्रयोगशाळेत शिकवण्याची जुनी परंपरा आहे. धागा जाळून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, रंग धुऊन बघायला लावतात. मला हे शिक्षण फार मोलाचं वाटतं आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही.

दहावीनंतर लगेच शिकायचं तर तंत्रशिक्षण मंडळाचा ड्रेस डिझाइनिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. आयटीआयमध्ये फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. सरकारी आयटीआयची फी खासगी संस्थेच्या तुलनेत किरकोळ. तिथे मुख्यतः शिवण आणि बेत शिकवतात, रंगकाम कमी. ते तुम्हाला बाहेरून भरून काढावं लागेल. इचलकरंजीच्या डीकेटीईसारखी ठिकाणं इंजिनिअरिंगची आहेत. नक्षी आणि रंगसंगतीसाठी तिथे जाऊ नका, सूत आणि यंत्र समजून घ्यायचं असेल तर जरूर जा.

आधी दोन हजारांची परीक्षा द्या

लाखो रुपये भरण्यापूर्वी हे नक्की करा. तीन रविवार आणि साधारण दोन हजार रुपये लागतील. मांजरपाट पाच मीटर, सुती कापडाचे कोल्ड ब्रँड रिअॅक्टिव्ह रंग (लाल, पिवळा, निळा, प्रत्येकी ५० किंवा १०० ग्रॅम), सोडा अॅश, साधं मीठ, ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा, रबरी हातमोजे, मास्क, औषधाच्या दुकानातली सिरिंज. मुंबईत कापड मंगळदास मार्केटात, रंग-रसायनं मस्जिद बंदरच्या बाजूला. पुण्यात कापडासाठी लक्ष्मी रस्ता आणि रविवार पेठ. इतर गावांत शिंप्याला विचारा, तो अस्तराचं कापड जिथून आणतो तिथे मांजरपाट मिळतो.

कापड घेताना एक दोरा ओढून घरी आणा आणि चिमट्यात धरून जाळा. कागदासारखा जळून राख झाली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर त्यात पॉलिएस्टर आहे, आणि हे रंग त्यावर चढत नाहीत. ‘प्युअर कॉटन’ असं तोंडी सांगून मिश्र कापड सर्रास विकतात. पाच मीटर घेण्याआधी वीतभर तुकडा मागून घ्या.

कापड साबणाच्या पाण्यात उकळून खळ काढा. सुकल्यावर दहा-दहा ग्रॅमचे तुकडे करा. एक ग्रॅम रंग शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवला की झालं तुमचं द्रावण. दहा ग्रॅम कापडाला मध्यम गडद छटेसाठी असं वीस मिलिलिटर द्रावण लागतं. आता दोन रंग घ्या आणि वीस मिलिलिटरची विभागणी करा: वीस-शून्य, पंधरा-पाच, दहा-दहा, पाच-पंधरा, शून्य-वीस. तिन्ही जोड्यांचे मिळून बारा तुकडे होतात. एकूण पाणी दोनशे मिलिलिटर, त्यात दहा ग्रॅम मीठ. तुकडा वीस मिनिटं हलवत ठेवा, मग तीन ग्रॅम सोडा अॅश घालून आणखी तासभर. खाण्याचा सोडा इथे चालत नाही. सोडा पडल्यावर उरलेलं रंगाचं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, त्याचा जोर गेलेला असतो. स्वयंपाकाचं एकही भांडं वापरू नका आणि रंगाची पूड उघड्या पंख्याखाली मोजू नका.

ओला तुकडा नेहमी गडद दिसतो. साबणाने धुऊन, सावलीत पूर्ण सुकवून मगच वहीत लावा आणि शेजारी प्रमाण लिहा. छटेला नाव द्या, तुमच्या घरातलं: आमसुली, मोरपंखी, अंजिरी, अबोली, शेवाळी, श्रीखंडी. ‘थोडा लाल, थोडा जांभळा’ असं लिहिलेलं दोन महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही. ‘आमसुली, लाल १५ निळा ५’ असं लिहिलेलं कळेल आणि तो रंग पुन्हा काढताही येईल.

दुसऱ्या रविवारी राखाडी रंगाचे दोन सारखे चौकोन कापा. एक लालभडक तुकड्यावर ठेवा, दुसरा हिरव्यावर. लालवरचा हिरवट आणि हिरव्यावरचा लालसर भासेल. पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात काळं सूत फिकं दिसतं अशी तक्रार आली होती. तिथल्या रंगाईचा प्रमुख शेव्रल याने शोधलं तेव्हा दोष सुताचा नव्हता, शेजारच्या रंगांचा होता. त्यावर त्याने १८३९ मध्ये ग्रंथ काढला. तुम्हाला त्यातलं कामाचं एवढंच की रंग कधी एकटा निवडू नये, शेजाऱ्यासकट निवडावा. रंगसिद्धान्ताच्या तासाला रंगचक्र रंगवून घेण्यापलीकडे हे कापडावर दाखवतात का, हे संस्थेत विचारा.

तिसऱ्या रविवारी जुन्या फोटोच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी चुका ठोका, निळा ताणा बांधा, पिवळा बाणा (आडवे धागे) भरा. रंगपेटीतले निळा-पिवळा मिसळले की हिरवा होतो. मागावर तसं होत नाही. जवळून दोन्ही रंग सुटे दिसतात, चार पावलं मागे गेलात की डोळा त्यांची सरासरी काढतो आणि छटा मळकी, करड्याकडे झुकलेली दिसते. पैठणीतली धूपछांव याच खेळावर उभी आहे: ताण्याचा रंग एक, बाण्याचा दुसरा, पदर हलला की कधी हा वर येतो कधी तो.

हे तीन रविवार तुम्हाला कंटाळवाणे गेले, वजनं मोजताना जीव वैतागला, तर लाखो रुपये वाचले. आणि चौथ्या रविवारी आपोआप मांजरपाट पुन्हा भिजत पडला असेल, तर पुढचे कागद जमवायला लागा.

कागदपत्रं: अकरावीतच सुरुवात

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला. लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस. मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र. जात वैधतेला महिने लागतात. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करणाऱ्यांच्या जागा दरवर्षी याच एका कागदापायी जातात.

निफ्ट आणि एनआयडी केंद्राच्या संस्था आहेत. महाराष्ट्राच्या यादीतला प्रवर्ग केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला लागतो. तहसील कार्यालयात अर्ज करताना ‘केंद्रीय नमुना’ असं स्पष्ट सांगा. ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे दाखले चालू आर्थिक वर्षातले मागतात, म्हणून मार्चमध्ये काढलेला दाखला एप्रिलनंतर अडकू शकतो.

शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेच्या मुद्रांकाची सक्ती कुणी केली तर भरू नका. जात, उत्पन्न, रहिवास यांसारख्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. सेतू केंद्रात दराचा फलक असतो. त्यावरचे पैसे द्या, पावती घ्या.

सगळ्या कागदांवर नाव एकसारखं हवं. आधारवर वडिलांचं नाव नसणं, गुणपत्रिकेत आडनाव आधी असणं, एवढ्याशा फरकावरून ऑनलाइन अर्ज परत येतो. बँक खातं आधारशी जोडून घ्या, शिष्यवृत्तीचे पैसे त्यावरच येतात.

छापलेल्या फीच्या बाहेरचा खर्च

इथे थोडं थांबून वाचा, कारण घराचा हिशेब कोलमडतो तो इथे.

पहिलं जीएसटी. मान्यताप्राप्त पदवी-पदविकेच्या फीवर जीएसटी नाही. खासगी संस्थेच्या स्वतःच्या ‘प्रोफेशनल डिप्लोमा’वर, वीकएंड कोर्सवर आणि कोचिंगवर १८ टक्के लागतो. माहितीपत्रकात ६०,००० आणि खाली बारीक अक्षरात ‘कर वेगळे’ असेल, तर तुमच्या खिशातून ७०,८०० जाणार. उलट बाजूही लक्षात घ्या: ‘आमचा डिप्लोमा पूर्ण मान्यताप्राप्त’ असं सांगणारी संस्था पावतीवर जीएसटी लावत असेल, तर कोणाची मान्यता ते लेखी मागा.

दुसरं किट. ब्रश, पोस्टर कलर, फ्रेंच कर्व्ह, कात्री, टेप, बॉबिन असं खोक्यात घालून पहिल्याच दिवशी ‘सक्तीने’ देतात. माझ्या भाचीच्या वेळी आम्ही मुकाट्याने पैसे भरले आणि नंतर यादी घेऊन बाजारात गेलो तेव्हा तेच सामान जवळपास निम्म्या किमतीत मिळालं. आतली कात्री तर कापड कापायचीच नव्हती. वस्तूंची यादी मागा आणि स्वतः घ्या. कात्रीवर मात्र कंजुषी करू नका, आणि तिने कागद कधीच कापू नका.

तिसरं रोजचं साहित्य. कापड, सूत, रंग, लोकर, स्क्रीन, ठसे, प्रिंटआउट. पहिल्या वर्षी साधारण वीस ते चाळीस हजार धरा, पुढे वाढतात. रंग आणि सूत संस्था देते की विद्यार्थ्याने आणायचं, हा प्रश्न प्रवेशाआधी लेखी विचारा. चार वर्षांत यात लाखाचा फरक पडू शकतो. छपाईसाठी मुलं स्वतंत्र स्क्रीन करून घेतात. तिघांनी मिळून एका स्क्रीनवर तीन नक्ष्या बसवल्या तर खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

चौथं यंत्र. घरगुती शिलाई मशीन सात-आठ हजारांपासून. टेक्स्टाइल डिझाइनच्या मुलाला पहिल्या वर्षी ते लागतच नाही, आईचं जुनं मशीन तेल घालून चालवा. लॅपटॉप पन्नास हजारांच्या आसपासचा पुरतो. पैसे पडद्याच्या रंगांवर खर्च करा, वजनाने हलका आहे की जड याला इथे महत्त्व नाही. सुरुवातीला इंकस्केप, क्रिता, गिंप ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. पडद्यावर दिसणारा रंग कापडावर तसाच येत नाही. डिजिटल छपाईवाल्याकडे पाच मीटर टाकण्याआधी वीतभराची चाचणी छापून घ्या, तिचे पैसे वेगळे घेतले तरी द्या.

पाचवं छटांची पुस्तकं. पॅन्टोनच्या कापडी छटांचा संच फार महाग असतो. विद्यार्थ्याने तो विकत घ्यायची काहीच गरज नाही. संस्थेत एक संच असायला हवा, कपाटात आहे का बघून घ्या. सूतवाल्याकडचं शेडकार्ड बहुतेकदा मागितलं तर मिळतं किंवा किरकोळ किमतीत मिळतं, आणि त्यातली छटा प्रत्यक्ष बाजारात उपलब्ध असते.

सहावं अभ्यास सहल आणि शेवटच्या वर्षाचा संग्रह. विणकरांच्या गावात राहून काम नोंदवण्याचा प्रकल्प असतो, त्याचा प्रवास आणि राहणं तुमच्याकडे. अंतिम संग्रहाला पन्नास हजार ते दोन लाख सहज लागतात. मॉडेल, छायाचित्रकार, रॅम्पचा वाटा यांची वर्गणी त्यात धरलेली नसते. शक्य तर आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्याला गाठून प्रत्यक्ष आकडा विचारा. संस्थेचं कार्यालय हा आकडा देणार नाही.

याशिवाय परीक्षा शुल्क, विद्यापीठ शुल्क, ग्रंथालय अनामत, पदवीदान. अनामतीची पावती चार वर्षं जपा. मागितल्याशिवाय ती कुणी परत करत नाही.

कोचिंग आणि कार्यशाळा

प्रवेश परीक्षेच्या क्लासला चाळीस हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत घेतात. चित्राचा हात आधीच चालत असेल तर जुन्या प्रश्नपत्रिका, रोज एक तास रेखाटन आणि पुठ्ठा-तार-चिंध्यांतून वस्तू करण्याचा सराव पुरतो. क्लास लावायचाच असेल तर पूर्ण रक्कम एकदम भरू नका.

एक दिवसाच्या नैसर्गिक रंगांच्या कार्यशाळा दोन ते पाच हजारांच्या असतात. तिथे काय शिकवणार ते आधी विचारा. बीट आणि हळदीवर दिवस काढणार असतील तर पैसे वाया: बीट धुण्यात जातो, हळद उन्हात उडते. तुरटी, हिरडा, हिराकस यांची वजनं लिहून देणार असतील, मंजिष्ठेचा लाल आणि निळीचं पिंप प्रत्यक्ष दाखवणार असतील, तर जा. मोरचूद किंवा क्रोमियमचे क्षार हातमोज्यांशिवाय हाताळायला लावत असतील तर उठून या.

फुकट शिकायचं असेल तर एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटी दिल्लीच्या प्राध्यापकांची वस्त्रविद्येवरची व्याख्यानं आहेत. ऐकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्र हवं तर परीक्षेचे १,००० रुपये. येवल्याला जाऊन पैठणीचे माग बघणंही फुकट आहे. दौंड-मनमाड मार्गावर स्टेशन आहे, सकाळी लवकर पोहोचा. मात्र विणकराचा माग तुम्ही थांबवलात तर त्याची तेवढी मजुरी बुडते. तासभर प्रश्न विचारणार असाल तर आधी मोबदल्याचं बोला आणि नक्षीचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय काढू नका.

कर्ज आणि सवलती

शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत असेल तर बँक तारण मागत नाही आणि तुमचा स्वतःचा हिस्साही नसतो. केंद्राच्या हमी योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर. निवडक संस्थांसाठी पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे, तिच्या यादीत तुमची संस्था आहे का तेवढं बघा. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज साठत जातं. दरमहा नुसतं व्याज भरता आलं तर शेवटी मोठा भार हलका होतो. कर्जात साहित्य आणि लॅपटॉपही बसतात, म्हणून संस्थेकडून खर्चाचं पत्रक घेताना ‘साहित्य’ ही ओळ लिहून घ्या. जुन्या करप्रणालीत व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते.

महाराष्ट्रात मुलींसाठी जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांत, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात नाहीत. ‘आमच्याकडे योजना लागू आहे’ असं तोंडी ऐकलं की महाडीबीटी पोर्टलवर त्या कॉलेजचं आणि त्याच कोर्सचं नाव स्वतः शोधा. माफी मिळणार असूनही काही ठिकाणी आधी पूर्ण फी भरायला लावतात. हट्टाने नियम विचारा.

आडवाटा

‘निफ्टमध्ये मॅनेजमेंट कोट्यातून सीट’ असं सांगणारा माणूस फसवा आहे. असा कोटा तिथे नाही. निफ्टसारखे दिसणारे संक्षेप लावलेल्या अनेक खासगी संस्था आहेत. संकेतस्थळाचा पत्ता ‘निफ्ट डॉट एसी डॉट इन’ असाच आहे का, तपासा. ‘आम्ही बाहेरच्या राज्यातल्या खासगी विद्यापीठाची पदवी इथेच देतो’ हेही ऐकाल. खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अशी केंद्रं चालवता येत नाहीत. ती पदवी पुढे सरकारी नोकरीला किंवा परदेशी प्रवेशाला अडेल. यूजीसीच्या यादीत विद्यापीठ बघा, आणि त्या विद्यापीठाच्या यादीत हे कॉलेज बघा. दोन्ही ठिकाणी नाव हवं.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ ऐकलंत तर गेल्या वर्षी कोण कुठे, किती पगारावर लागलं ते मागा. विक्री सहायकाची नोकरीही तिथे ‘फॅशन उद्योगात’ म्हणून मोजलेली असू शकते.

आज भरलंत तर सूट, उद्या नाही, असा तगादा लागला तर घरी या. भरलेच आणि नंतर दुसरीकडे प्रवेश मिळाला, तर विद्यापीठ आणि संलग्न कॉलेजांना यूजीसीचा परताव्याचा नियम लागू होतो. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, फार तर पाच टक्के आणि तेही ५,००० रुपयांपर्यंतच कापता येतात. त्यानंतर उतरती भाजणी: ९०, ८०, ५० टक्के, आणि शेवटच्या तारखेनंतर महिना उलटला की शून्य. खासगी डिप्लोमा देणाऱ्या संस्थेला हा नियम लागू नाही. तिथे परताव्याची अट पावतीच्या मागे काय छापली आहे ते वाचूनच सही करा. अडचण आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रार करताना पावती आणि माहितीपत्रक हाताशी ठेवा. म्हणून माहितीपत्रकाची छापील प्रत पहिल्याच भेटीत मागून घ्या.

मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायचा अधिकार संस्थेला नाही. पडताळणी झाली की त्याच दिवशी, त्याच टेबलावरून परत घ्या आणि झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर ‘फक्त प्रवेशासाठी’ असं लिहून तारीख घाला.